पुरीचा उतारू

कुसाबाई, ही घराची किल्ली. मोगऱ्याला पाणी घाला, एवढंच काम. बसा जरा, लाइट येईपर्यंत कंदील इथंच राहू द्या. उद्या पहाटे आम्ही निघतोय, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा पाय घरातून निघायचा नाही.

आमच्या ह्यांचं खूळ तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा दिल्लीला एशियाड, तर ह्यांच्या सातपूरच्या कारखान्यातले सगळे टीव्ही घ्यायच्या गोष्टी करतात. ह्यांनी लिलावातून मोडकी जीप आणली. रविवार-रविवार खपून ती चालू केली. कशासाठी? तर जुन्या आग्रा रोडनं धुळं गाठायचं, तिथून नागपूर, रायपूर करत पार पुरीला जायचं. मुंबईच्या समुद्राचं बाटलीभर पाणी पुरीच्या समुद्रात ओतायचं. मी म्हटलं, "समुद्राला पाणी कमी पडलंय का?" तर नुसते हसले. मुंबईला जाऊन बाटली भरून घेऊनसुद्धा आले.

रस्ता विचारायला म्हणून श्रावणात आम्ही इगतपुरीला माझ्या कारभारीमामांकडे गेलो. मामांनी उभी हयात त्या रस्त्यावर ट्रक चालवला. मग एकाएकी डोळे गेले. कशानं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. जाताना ह्यांनी सवयीप्रमाणे वाटेत दोघांना जीपमध्ये घेतलं. रस्त्यात हात करणारा माणूस सोडून पुढे जाणं ह्यांना जमतच नाही. ह्याच गुणावर मी भाळले, खोटं कशाला बोलू!

भरदुपारी तिकडे धुकं असं, की समोरचं घर दिसेना. मी आत स्टोव्हवर चहा ठेवला. मामा खाटेवर बसले, ह्यांना शेजारी बसवलं. "चला जावईबापू, नेतो तुम्हाला," म्हणाले, आणि चक्क गाडी चालवायला लागले! हातात नसलेलं स्टेअरिंग, पायाखाली नसलेला ब्रेक. मालेगाव आलं तसा तोंडानंच हॉर्न दिला. मला हसू आवरेना.

"हसू नको, सुले. बैलांचे तांडे गेले ह्या रस्त्यानं, पलटणी गेल्या. लय जुना रस्ता हाय."

कुठं थांबायचं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, सगळं सांगत होते. नागपूर गेलं. खोलीत डिझेलचा वास यायला लागला. स्टोव्हचा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण रायपूर मागं पडलं आणि मोहाच्या फुलांचा वास आला, गोड, आंबूस. आता मला सांगा, श्रावणात मोहाची फुलं कुठली?

मामांच्या मानेवर घाम आला होता. आवाज अगदी खाली गेला.

"आता जंगल लागलं... इथं एक जण हात करील. थांबायचं नाय. काय बी झालं तरी थांबायचं नाय, जावईबापू. मी एकदाच थांबलो. पुरीला सोड म्हणाला. तिथं तो उतरला... अन् मला समुद्र काय दिसलाच नाय."

हे मात्र आपल्या स्वभावाप्रमाणे हसले. म्हणाले, "मामा, जंगलात एकटा माणूस सोडून जायचा? मी तर म्हणेन, बसा की!"

खाट करकरली. ह्यांच्या पलीकडची रिकामी बाजू हळूहळू खाली गेली. सुंभ ताणलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलं, कुसाबाई. कपबशी हातातून पडली.

"काय बोलून बसलात हो..." मामा पुटपुटले. हात अजून स्टेअरिंगवरच. "आता तो नाय उतरायचा. पुरीला नेऊन सोडावंच लागंल."

येताना हे थट्टा करत होते, पण घोटी गेल्यावर गाडी थांबवून खाली उतरले. जीप मागून एका बाजूला दबली होती. नवी स्प्रिंग घातली, तरी दबलेलीच. मी हात जोडले, म्हटलं, जाणं रद्द करा, ती जीप उभीच राहू द्या. राहिली उभी. मग हे सायकलनं कामाला जायला लागले, तर डबलसीट घेतल्यासारखे धापा टाकत घरी यायचे. मागच्या चाकातली हवा रोज गेलेली. झोपले की अंथरुणावर ह्यांच्या पलीकडे... जाऊ द्या, ते नको सांगायला.

परवा हे रडले हो. एवढा धीराचा माणूस! म्हणाले, "सोडून येतो एकदाचा त्याला. तू इथंच राहा."

मी का म्हणून राहू? मामा एकटे होते, त्यांचे दोन्ही डोळे गेले. आम्ही दोघं असलो तर एकेकावर भागेल. एकेका डोळ्यानं संसार होतो, ह्यांच्याशिवाय माझा व्हायचा नाही. भीती? वाटते तर! हात बघा माझे, कसे गार पडलेत.

मघाशी तिन्हीसांजेला सामान ठेवायला गेले. पुढे ह्यांच्या शेजारी पेट्रोलचे डबे, पिंप, ती बाटली. म्हणजे मला जागा मागच्या बाकावरच. चढले, तर बाकाची गादी मधोमध खोल दबलेली. कडेला जेमतेम वीतभर उरलेली. मोहाचा वास येत होता. मी पदर गच्च धरला आणि तशीच वाकून उभी राहिले. बसायचा धीर होईना.

तेवढ्यात गादी मधून वर आली, आणि पार त्या टोकाला जाऊन दबली.

कुणीतरी सरकून मला जागा करून दिली होती.