एकाच कॅसेटवरची अडतीस गाणी

रात्र नव्हती.

हे आधीच सांगून टाकते, कारण भुताखेताचं काही म्हटलं की लोक लगेच काळोख आणि कुत्र्यांचं रडणं धरून चालतात. मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना शेवटची ओळ वाचायला लावते, आणि लोक जे दिसत नाही तेही दिसतंय म्हणून ठोकून देतात. त्यामुळे 'मला दिसलं', 'मला ऐकू आलं' असं कुणी म्हणालं की माझा विश्वास बसत नाही. तुमचा माझ्यावर बसला नाही तर मी रागावणार नाही. पण हे माझ्या घरात, माझ्यासमोर घडलंय. माझ्याबरोबर आणखी एक साक्षीदार होता. तो आजही धडधाकट आहे आणि माझा फोन उचलत नाही.

माझा दादा एका रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. बास वाजत असतो तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तो बंद पडला की सगळे विचारतात, काय बिघडलं? दादाचंही तसंच होतं.

बावीस वर्षं वाजवलं त्याने. तेवढ्या काळात तीन गायक झाले. पहिला नोकरीसाठी दूर निघून गेला. दुसरा नाकात गायचा म्हणून त्याला सगळे सर्दी म्हणायचे, तो भांडून गेला. तिसरा बारक्या. ड्रमर तर इतके बदलले की आई कुणीही आला तरी 'ये रे ड्रम' म्हणूनच आत घ्यायची. पहिल्यापासून टिकले दोघंच. एक दादा आणि दुसरा कप्तान. कप्तान म्हणजे ज्याने बँड सुरू केला तो, लीड गिटारवाला.

गाणी मात्र सगळी दादाची. शब्द त्याचे, चाल त्याची. अल्बमवर छापलेलं असायचं, 'शब्द आणि संगीत : बँड'. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चौघांनी हातावर हात ठेवून ठरवलं होतं की गाणं कुणाचंही असो, नाव सगळ्यांचं. पुढे त्यातले दोघं गेले, नवे आले. गाणं झालं तेव्हा जे शाळेत डबा खात होते, तेसुद्धा त्या 'बँड' शब्दात जाऊन बसले.

तीन वर्षांपूर्वी दादालाच काढलं. फोनवर एक मेसेज. 'आता नवा आवाज हवाय.'

आठ महिन्यांनी दादा गेला. झोपेतच.

यंदा बँडला पंचवीस वर्षं झाली. सगळ्या अडतीस गाण्यांचा एक संच निघणार होता. गाण्यांची आणि नावांची यादी बुधवारी संध्याकाळी सहाला छापायला जाणार, असं कळल्यावर मी कप्तानकडे गेले. हात जोडले. अक्षरशः जोडले.

"मी कुठे नाही म्हणतोय?" तो म्हणाला. "पुरावा आण, नाव घालतो. नुसत्या शब्दावर घातलं तर उद्या पाचही ड्रमर दारात उभे राहतील."

पुरावा नव्हता. आणि तो का नव्हता, हे सांगताना अजूनही माझा जीव जळतो.

नवं गाणं झालं की दादा ते टेपरेकॉर्डरवर गायचा. आधी तारीख, मग कुणासाठी, मग पट्टी. शेवटपर्यंत त्याचा हाच शिरस्ता. ती कॅसेट ऐकून बँड गाणं शिकायचा. शिकून झालं की पुढचं गाणं त्याच कॅसेटवर, सुरुवातीपासून, आधीच्या गाण्यावरच! उभ्या आयुष्यात एक कॅसेट. मी ओरडायचे, तर म्हणायचा, "ते आता त्यांच्या बोटांत गेलं. इथे कशाला ठेवू?"

स्वतःच्या हाताने पुसली सगळी.

आईचे गुडघे गेलेत, ती पलंगावरच असते. तिचं एकच म्हणणं होतं, "त्याचं नाव छापलेलं मला एकदा वाचू दे गं. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

तर मंगळवारी दुपारी मी मागच्या खोलीत शिरले. दादाची खोली. टेबलावर टेपरेकॉर्डर होता आणि ती कॅसेट आतच होती.

बटण दाबलं.

खट्.

दादा गायला लागला. शेवटचं गाणं होतं ते, बँडमधून काढल्यानंतरचं. तारीख नाही, पट्टी नाही. कुणासाठी तेही नाही. कोण उरलं होतं त्याला? मी जमिनीवर बसून पोटभर रडले.

"एक तरी ठेवायचं होतंस रे," मी म्हणाले.

पुन्हा ऐकावं म्हणून कॅसेट मागे नेली. बटण दाबलं...

"तारीख चार. बारक्यासाठी. पट्टी एक सूर खाली."

मी डोळे पुसून कान पुढे केला.

ते शेवटच्या अल्बममधलं गाणं होतं. दादाने कधीच पुसलेलं. मला हसू फुटलं. देव पावला असंच वाटलं मला. घाईघाईने फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं, कॅसेट मागे नेली, दाबलं...

ते गाणं नव्हतं.

त्याच्याही आधीचं होतं.

फोन तपासला. त्यात समोरच्या इमारतीतलं ड्रिल स्वच्छ आलं होतं. माझा श्वासही आला होता.

दादा नव्हता.

कॅसेट पुढे नेली, मागे नेली, बाजू उलटून पाहिली. आधीची दोन्ही गाणी गेली होती. एकदा वाजलं की संपलं... आणि त्याच्या खालचं वर येत होतं.

"थांब ना दादा," मी मोठ्याने म्हणाले. "असं नको करूस."

पलीकडून आईचा आवाज आला.

"दादा कुणाशी बोलतोय गं?"

"कुणाशी नाही, आई. टेप लावलीय."

"टेप कसली? टेपमधला माणूस कधी थांबतो का? हा थांबून ऐकून घेतोय."

तरी मी बटण दाबलं. का दाबलं, विचारू नका. आपलं माणूस गेल्यावर त्याचा आवाज कुणी पुढे केला तर तुम्हीही दाबाल.

सात वर्षं जुनं गाणं. पहिलं कडवं झालं. मग मध्येच गिटार थांबली... आणि मागून, अगदी बारीक, एका बाईचा आवाज आला.

"थांब ना दादा. असं नको करूस."

माझाच आवाज. पाच मिनिटांपूर्वीचा.

त्यावर दादा म्हणाला, "थांबून कसं चालेल? अजून खाली आहे, टिटवे."

टिटवी म्हणजे मी. लहानपणी सारखी बडबडायचे म्हणून.

मी भिंतीतला प्लग खेचला आणि आईच्या पलंगाशी जाऊन बसले. त्या रात्री काहीसुद्धा झालं नाही.

बुधवारी मी कप्तानला फोन करून सांगितलं, रेकॉर्ड होत नाही, तुमच्या कानांनी ऐका. आला बिचारा. पुन्हा साडेतीनचीच वेळ. थोडा वैतागलेला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. मी बटण दाबलं.

"तारीख एकोणीस. बारक्यासाठी. कप्तान, अंतऱ्याला तू घाई करतोस. दोन मात्रा थांब, मग शीर."

किल्ली खाली पडली.

"हे... हे तो मला याच खोलीत बोलला होता," कप्तान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मग घाला नाव."

त्याने किल्ली उचलून खिशात टाकली. मग म्हणाला, "पहिलं गाणं ऐकव."

पहिलं गाणं म्हणजे ज्याच्यावर बँड उभा राहिला ते. आजही कार्यक्रमात ते झाल्याशिवाय लोक घरी जात नाहीत.

"ते आम्ही चौघांनी एकत्र बसून केलं, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलोय," कप्तान म्हणाला. "खरं सांगू? तो ते तयार घेऊनच आला होता. पण ते त्याचंच आहे हे मला त्याच्या तोंडून ऐकू दे. ते त्याचं निघालं तर अडतीसच्या अडतीस त्याची. नाहीतर मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

पहिलं गाणं सगळ्यात खाली होतं. मध्ये तेहतीस.

तेहतीस वेळा दादाचा आवाज येणार होता आणि तेहतीस वेळा कायमचा जाणार होता. एका नावासाठी मी त्याचा उरलासुरला आवाज उधळणार होते. आईला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी दाबत गेले. तारीख ऐकायची, एखाद-दोन कडवी ऐकायची, मागे न्यायचं. पूर्ण ऐकायचा मला धीर नव्हता आणि कप्तानला वेळ नव्हता. बारक्या संपला, सर्दी सुरू झाला. दादाचा खोकला गेला, आवाज मोकळा व्हायला लागला. प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी कुणीतरी श्वास घ्यायचं... मी नाही. कप्तानही नाही, तो तर श्वास धरूनच बसला होता.

सर्दी संपला. पहिला गायक सुरू झाला. मी दर वेळी मनात म्हणत होते, दादा माफ कर, दादा माफ कर.

एकोणतिसाव्या गाण्याला कप्तानने माझा दंड पकडला.

"वायर बघ," तो कुजबुजला.

प्लग जमिनीवर पडला होता. काल मी खेचला होता, तिथेच.

त्याला पळून जायचं होतं. मी दारात आडवी झाले. "मधली चारच राहिलीत. तुमच्या पाया पडते."

तीस. एकतीस. बत्तीस. तेहतीस.

पावणेसहा वाजले होते. मी कॅसेट मागे नेली आणि शेवटचं बटण दाबलं...

आधी नुसती खरखर.

मग गाणं सुरू झालं. तेच ते. शब्द तेच, चाल तीच.

पण गाणारा दादा नव्हता.

लहान मुलगी होती. आठ-नऊ वर्षांची. बोबडा र, मध्येच नाक ओढणं. अडखळत नव्हती, शोधत होती. एक ओळ जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. आमच्यासमोर गाणं तयार होत होतं.

"परत म्हण, टिटवे," एकोणीस वर्षांचा दादा म्हणाला. "हळू. मला उतरवून घेऊ दे."

तिने परत म्हटलं.

"छान. आता मी यावर माझी गाणी रेकॉर्ड करतो हं."

"आणि माझं पुसणार?"

"हो."

"मग माझं नाव सांगशील ना सगळ्यांना?"

"सांगतो की."

खट्.

खोलीत ड्रिलचा आवाजसुद्धा राहिला नव्हता. कप्तान माझ्याकडे बघत होता. पंचवीस वर्षांत त्याने माझ्याकडे एवढं नीट कधी बघितलं नव्हतं.

"नाव कुणाचं घालू?" त्याने विचारलं.

पलीकडे आई खोकत होती.

"दादाचं," मी म्हणाले. "अडतीसच्या अडतीस."

त्याने शब्द पाळला. तीन आठवड्यांनी संच आला, सोबत नावांची पुस्तिका. मी दुकानातून भिंग आणून दिलं, आणि आईने एकेका ओळीवर बोट ठेवून लेकाचं नाव अडतीस वेळा वाचलं. मग पुस्तिका छातीशी धरून झोपली. इतकी शांत झोपलेली मी तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती. माझं काम झालं होतं.

ते गाणं केल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. दादाचा राग करावा तर तोही धड येत नाही. त्याने मला ते मुद्दाम ऐकवलं का? त्याच्या मनाला लागून राहिलं होतं का? की मी इतकी त्याच्या नावामागे लागले म्हणून शिक्षा केली? कुणाला विचारू?

टेपरेकॉर्डर मी भंगारवाल्याला दिला. कॅसेटची फीत कात्रीने बारीक कापून टाकली. दादाच्या खोलीला कुलूप लावलं.

तरी दुपारी साडेतीनला त्या खोलीतून आवाज येतो.

खट्.

आणि मग... नाक ओढल्याचा आवाज.

"सांगितलंस का माझं नाव?"

दादाचा आत्मा म्हणाल तर मी समजू शकते. तो गेलाय. पण ती पोर कुठे मेलीय? ती मी आहे, आणि मी इथे जिवंत बसलेय, आईच्या पायांना तेल लावत.

काल आईने माझा हात धरला.

"अगं, ती लहानगी केव्हाची विचारतेय," ती म्हणाली. "तिला काहीतरी उत्तर दे."

मी अजून दिलेलं नाही.