मधुवंतीचं उरलेलं पुस्तक

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळे जमले होते, पण पिंडाला एकही शिवेना. भटजी घड्याळ बघायला लागले. कृष्णात वैतागला. उद्यमनगरात लेथ चालवणारा माणूस तो. बायको मधुवंती गेली ती हृदय बंद पडून, त्यातलं कावळ्याला काय कळतंय?

"दाजी, ताईचं पुस्तक अर्धं राहिलंय," मेहुणी पूर्णिमा म्हणाली. "वाचून दाखवतो म्हणा की."

"त्या भंगारासाठी अडलीय ती?"

"म्हणा की हो!"

"बरं, दाखवतो वाचून," तो तोंड वाकडं करून म्हणाला.

कावळा लगेच उतरला.

पुस्तक म्हणजे संस्थानच्या काळातली खुनाची कादंबरी. दरबारात कुणीतरी मरायचं, फौजदार नुसती मान हलवायचा आणि वैद्याची पोरगी वासावरून विष ओळखायची. शिवाय घोडदळातल्या एका मिशीवाल्याला बघून लाजायची. लेखकाला विषातलं कळत नव्हतं, घोड्यातलं तर त्याहून नाही, असं कृष्णातचं मत झालं.

तरी शब्द दिलेला. दुपारच्या सुट्टीत घरी जेवून तो मधुवंतीच्या वेताच्या खुर्चीसमोर बसायचा आणि पंचनामा वाचावा तसं मोठ्यानं वाचायचा. प्रेमाची पानं त्यानं गाळली, तेव्हा खुर्ची करकरली. वेत वाळला असेल. पुढची गाळली, तशी परत करकरली. मग त्यानं पानं मागं उलटली आणि शिव्या घालत ती लाडीगोडी वाचली.

खुर्ची गप्प झाली.

"खुनी दिवाणच. शेंबडं पोरगंही सांगेल," एकदा तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून "अंहं" आलं. त्याचं चुकलं की मधुवंती असंच म्हणायची.

तो उठून बघून आला. ओटा कोरडा होता.

तेव्हापासून भंगार म्हणता म्हणता तो सावकाश वाचायला लागला. शेवटचं प्रकरण आलं आणि त्याच्या ध्यानात आलं, हे संपलं की तिला इथं थांबायला काही उरत नाही. त्यानं पुस्तक मिटून कपाटात कोंबलं आणि घराला कुलूप घालून तो कामावर गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा कुलूप तसंच होतं.

आत कोणीतरी वाचत होतं.

आवाज त्याचाच होता. तोच कंटाळलेला, हिणवणारा सूर. वैद्याची पोरगी, मिशीवाला, लग्नाची बोलणी. एकही ओळ गाळलेली नव्हती. खुनी दिवाण नव्हता.

"संपलं," आतला आवाज म्हणाला.

खुर्ची करकरली.

"चला की मग," मधुवंती म्हणाली.

"चल," आतून त्याचाच आवाज म्हणाला.

तिला हाक मारायला कृष्णातनं तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज आला नाही.