शेवटच्या गाण्यातला उतार

साहेब, तुम्ही एका पोरीला चोर ठरवलंत, आणि तेही समोरचा चहा निवायच्या आत. तुमचं नाव इथे लिहीत नाही. बिश्केकमध्ये ज्याला कळायचं त्याला ते कळेल, आणि उद्या तुमच्या खुर्चीत दुसरा बसला तरी तोही हेच करील. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला तुम्हाला चौकशी लागली नाही. फक्त एक गाणं ऐकायचं होतं. तेवढाही त्रास घेतला नाहीत.

जे तुम्ही केलं नाही ते बुरुल एजेने केलं. ती ना तुमची नोकर, ना तुमच्या महोत्सव समितीची सभासद. खाजगी तपास करते, सामशाच्या भट्टीवरच्या खोलीत बसते, आणि अर्धं शहर तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतं. तिच्यासोबत असतो नुरगाझी. एके काळचा पैलवान. डोकं जरा सावकाश चालतं, पण माणूस सोन्याचा.

ती पोरगी, आइझिरेक, दारात उभी राहिली तेव्हा नुरगाझीच्या हातात मांस भरलेला गरम सामसा होता.

"एजे, माझ्या आजीला माझ्यापासून तोडलंय," ती म्हणाली.

"पळवून नेलं?" नुरगाझी उठलाच.

"वारली ती. वसंतात."

नुरगाझी खाली बसला. घास अडकून त्याला ठसका लागला.

"बस पोरी," बुरुल म्हणाली. "याला चहा दे आधी, नाहीतर दुसरं मढं पडेल. आणि मग सांग."

आइझिरेकने सांगितलं. ती, ताबिल्दी आणि ग्लेब, तिघं कॉम्प्युटरवर नाचाचं संगीत बनवतात. तिघांनी मिळून पहिला अल्बम केला. नाव 'जाइलू', उन्हाळ्यातलं डोंगरावरचं कुरण. प्रत्येक गाण्याच्या बुडाशी कुरणातला एक आवाज: टापा, कुत्री, तंबूच्या नमद्यावर आपटणारा वारा. शेवटच्या गाण्यात तिच्या आजीचं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घुसळणं. कातडी पिशवीत दांडा वरखाली: ढब्-छळक, ढब्-छळक. सगळा ठेका त्यावर उभा. आणि अगदी शेवटी आजीचा आवाज: "हात थांबवू नका रे गाढवांनो!"

"तिचा तेवढाच आवाज उरलाय," आइझिरेक म्हणाली. "समितीने तळ्याकाठच्या महोत्सवात आम्हाला मंच दिला. अट अशी की त्याआधी एकही गाणं बाहेर जाता कामा नये. दुसरी अट नंतर आली. म्हातारीची शिवी काढा, शोभत नाही."

"काढलीत?"

"भांडले, रडले, आणि काढली. त्यानंतर आठवडाभरात ते गाणं शहरातल्या प्रत्येक मार्श्रुत्कात वाजायला लागलं. शिवीसकट!"

नुरगाझीने मान डोलावली. या शहरात एखादी गोष्ट प्रवासी व्हॅनमध्ये वाजायला लागली की ती झाकता येत नाही.

"साहेब म्हणाले, शिवी कोणाला हवी होती? हिला. आजीचं मूळ रेकॉर्डिंग कोणाच्या फोनमध्ये आहे? हिच्या. झालं. मुखपृष्ठावरून माझं नाव काढलं. मंचावर मी नाही. आजीचं घुसळणं मात्र ठेवणार आहेत! मुखपृष्ठ छापायला जायच्या आत काही झालं नाही तर..."

"साहेबांनी गाणं ऐकलं?"

"फोनवर सुरुवात आणि शेवट. मधलं पुढे ढकललं."

बुरुलने शाल उचलली. "नुरगाझी, गाडी काढ."

गाडीत रेडिओ चालू होता आणि नुरगाझीचं तोंडही.

"एजे, तो ग्लेबच असणार. मी त्याचा फोटो पाहिलाय. एवढा बारीक माणूस सरळ असूच शकत नाही. तुम्हाला सांगतो, कुस्तीत सुद्धा हे काटकुळे..." कब्रस्तानाची भिंत लागली. त्याने रेडिओ बारीक केला, तोंडावरून हात फिरवला, तिघांच्या तोंडून 'ओमिन', म्हणजे आमीन, निघालं. भिंत संपली, त्याने रेडिओ पुन्हा मोठा केला. "...हे काटकुळेच पाय ओढतात."

"तुझे कोणी ओढले?"

"सगळ्यांनीच," नुरगाझी खिन्नपणे म्हणाला.

स्टुडिओ म्हणजे ग्लेबच्या वडिलांचं गॅरेज. भिंतींना जुने नमदे ठोकलेले, मध्ये दोन भलेमोठे स्पीकर. ग्लेब आणि ताबिल्दी एकमेकांकडे पाठ करून बसले होते. बुरुलने ताबिल्दीला चहाचं पाणी ठेवायला पिटाळलं आणि ग्लेबकडे वळली.

"तू समितीवर चिडला होतास म्हणे."

"अजून चिडलोय. खड्ड्यात गेली समिती, अल्बम आपणच इंटरनेटवर सोडू, असं मीच म्हणालो होतो."

नुरगाझीने एजेला कोपराने ढोसलं.

"मग सोडलास?"

"असा?" ग्लेब फिस्कारला. "एजे, ते फोनवर घेतलेलं भिकार रेकॉर्डिंग आहे. मला अर्धं मिनिटसुद्धा ऐकवलं नाही. त्यात म्हणे मध्येच आवाज उतरतो आणि पुन्हा चढतो. तो मूर्ख उतार आमचा नाही. आणि शहराला नेमका तोच आवडलाय! पोरं नाचताना त्या उताराला खाली वाकतात. मी हिवाळाभर घासलेल्या आवाजांचं कोणी नाव घेत नाही."

"जुनी फाईल, शिवीवाली, कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही. नवीन झालं की जुनं आम्ही तिघंही पुसतो. नाहीतर गोंधळ होतो."

मग ताबिल्दी. खांदे पाडलेला, नजर चहाच्या वाटीत.

"शिवीवालं गाणं या खोलीबाहेर कधी गेलं होतं?" बुरुलने विचारलं.

"एकदाच. समितीचा निरोप यायच्या आधी. गाडीत ऐकायला." तो अडखळला. "असं आहे एजे, या स्पीकरवर सगळंच गोड लागतं. खरी परीक्षा गाडीत. तिथे टिकलं तर टिकलं. सगळेच तसं करतात."

"तुमच्यापैकी कोणाकडे गाडी आहे?"

"बाबांची मार्श्रुत्का. ते जेवायला घरी आले होते. अंगणात उभी होती, त्यांना न सांगता ऐकलं."

"न सांगता का?"

"बाबा माझं संगीत ऐकत नाहीत. त्यांच्या मते आम्ही रिकामे डबे बडवतो."

"आणि पेनड्राईव्ह?"

ताबिल्दीने वाटी खाली ठेवली. "हरवला. रस्त्यात कुठेतरी."

"तू मला हे बोलला नाहीस!" आइझिरेक ओरडली.

"काय बोलू? तो कुठे पडला हे मला कुठे ठाऊक आहे!"

"माझं नाव गेलं, ताबिल्दी! आणि तू मूग गिळून बसलास!"

"पुरे," बुरुल म्हणाली. "आता ते फुटलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर लावा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोणी हलायचं नाही."

गाणं सुरू झालं. ढब्-छळक, ढब्-छळक. ठेक्याच्या खाली कुठेतरी बारीक खडखड होती. मध्ये, नाचाचा ठेका जोरात फुटायच्या आधी, सगळं एकदम थांबलं, आणि त्या शांततेत ऐकू आलं: टक्-टक्, टक्-टक्, टक्-टक्.

"हे कोणी घातलं?" ग्लेब पांढरा पडला. "घड्याळ?"

बुरुलने बोट ओठांवर ठेवलं. नाच फुटला. नुरगाझीचे खांदे आपोआप हलायला लागले. जरा वेळाने तो उतार आला. आवाज हळूहळू खाली गेला, क्षणभर तिथेच राहिला, पुन्हा वर आला. आणि शेवटी म्हातारी कडाडली: "हात थांबवू नका रे गाढवांनो!"

नुरगाझी हलायचा थांबला. आइझिरेक रडत होती.

"छान गाणं आहे," बुरुल म्हणाली. "मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण छान आहे. चला, तुझ्या बाबांना भेटू."

शेइशेन बाइके, म्हणजे शेइशेनदादा, बाजारासमोरच्या थांब्यावर, ड्रायव्हरांच्या टपरीत बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, चहात बुडवत होता. मिशा पांढऱ्या, आवाज भसाडा.

"तुमच्या मुलाचं गाणं ऐकलंत का, बाइके?"

"ते बडवणं? मला वेळ नाही. काम करतो मी." त्याने मुलाकडे पाहिलं नाही, मुलाने बापाकडे नाही.

"तुमच्या गाडीत बसू का आम्ही?"

"बसा. पण दार जोरात ओढा, खिळखिळं झालंय. खडखडतं."

आइझिरेक, ताबिल्दी आणि ग्लेब मागे बसली, बुरुल पुढे. नुरगाझीने दोन जागा अडवल्या. एक रशियन म्हातारी टोमॅटोची पिशवी घेऊन चढली. शेइशेनने रेडिओ लावला, गाडी सुटली. दार खडखडू लागलं. कोपऱ्यावर त्याने वळणाचा दिवा लावला: टक्-टक्, टक्-टक्. गाडी वळली आणि समोर कब्रस्तानाची भिंत आली. शेइशेनचा हात बटणाकडे गेला. रेडिओ बारीक झाला. "ओमिन," सगळी गाडी पुटपुटली. भिंत संपली, रेडिओ मोठा झाला.

"बाइके, पुढच्या थांब्यावर जरा थांबा," बुरुल म्हणाली. "नुरगाझी, फोनवर ते गाणं लाव."

गाणं वाजलं. खडखड. शांततेतली टक्-टक्. मग उतार, आणि मग चढ.

आइझिरेकने तोंडावर हात ठेवला. तिला सगळ्यांत आधी कळलं.

"मला नाही कळलं," नुरगाझी प्रामाणिकपणे म्हणाला.

"तू स्वतः सकाळी तेच केलंस, तरी?" बुरुल वळून बसली. "ऐक. गाण्याखालची खडखड म्हणजे सैल दार. शांततेतली टक्-टक् म्हणजे वळणाचा दिवा. म्हणजे गाडी चालू होती. या पोरांनी गाणं ऐकलं ते उभ्या गाडीत. तेव्हा फोनवर घेणारा यांच्यातला नव्हे. ग्लेब तर नव्हेच. अशी टक्-टक् ठेवून तो गाणं बाहेर सोडेल? त्याआधी तो केस उपटील."

"उपटीन," ग्लेब म्हणाला.

"राहिला उतार. ज्याला शहर कला समजतंय तो एका हाताचा अदब आहे. मेलेल्यांच्या शेजारून जाताना आपल्याकडे कोणीही गाणी मोठ्याने वाजवत नाही. गाणं फोनवर घेतानासुद्धा या हाताला राहवलं नाही. हाताने सवयीने आवाज उतरवला, भिंत संपल्यावर चढवला. आधी वळण, लगेच कब्रस्तान, आणि दार खडखडतंय. शिवीवालं गाणं आयुष्यात एकदाच बाहेर गेलं, तेही याच गाडीत, आणि पेनड्राईव्ह त्यानंतर हरवला. तो रस्त्यात पडला नाही, ताबिल्दी. तू तो इथेच लावून विसरलास."

टोमॅटोवाली म्हातारीसुद्धा पुढे वाकून ऐकत होती.

शेइशेनने इंजिन बंद केलं. मग समोरचा कप्पा उघडला. रुमालात बांधलेला पेनड्राईव्ह बाहेर काढला.

"सकाळी चावी फिरवली आणि आपोआप वाजायला लागलं," तो म्हणाला. "बंद करणार होतो. पण ते घुसळणं... माझी आई अशीच घुसळायची. शिवीसुद्धा हीच द्यायची. मग रोज लावायला लागलो. नारीन गावी भाऊ आहे, त्याला पाठवायचं म्हणून फोनवर घेतलं. ड्रायव्हरांच्या ग्रुपवरही गेलं."

"चुकून?" बुरुलने विचारलं.

शेइशेनने मिशा चोळल्या. "चुकून कसलं! हे माझ्या पोराने केलंय, असं खाली लिहायचं होतं. वर्षानुवर्षं डबे डबे म्हणत आलो, मग कोणत्या तोंडाने लिहू? नुसतंच पाठवलं."

"बाबा," ताबिल्दी जागेवरून उठला. "तुम्हाला आवडलं?"

"दार नीट लाव. वारा येतोय."

ताबिल्दीने दार लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

मग शेइशेनने टोपी काढली आणि आइझिरेककडे वळला. "पोरी, तुला काढलंय हे मला आत्ता कळतंय. आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही, हा त्याचा प्रताप. माझं पाप तुझ्या माथ्यावर. तुझ्या आजीच्या पाया पडायला हवं."

"ती शिव्या देईल," आइझिरेक रडता रडता हसली.

"देऊ दे. ऐकीन."

"तो उतार मी ठेवणार," ग्लेब अचानक म्हणाला. "अल्बममध्ये, तिथेच. आणि खाली नाव लिहू. आवाजाचं बटण: शेइशेन बाइके."

"गप रे," शेइशेन म्हणाला, पण मिशांखाली काहीतरी हललं. त्याने चावी फिरवली आणि गाडी भलत्याच रस्त्याला घातली.

"अहो, माझा थांबा!" टोमॅटोवाली ओरडली.

"आजी, आधी समितीच्या ऑफिसात जायचंय. या पोरीचं नाव परत आणायला."

"मग हळू कशाला चालवतोस? दाब!"

साहेब, ती गाडी या क्षणी तुमच्या खिडकीखाली उभी आहे. दार उघडं आहे, आवाज पूर्ण चढवलाय. गल्लीतली पोरं उताराला वाकताहेत आणि नुरगाझी सगळ्यांत खाली वाकलाय. शेइशेन बाइके टोपी हातात घेऊन तुमचा जिना चढतोय. मी केलं, असं तो स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. तुम्ही आजवर स्वतःच्या तोंडाने काय कबूल केलंत?

आजीची शिवी आत्ता तुमच्या खिडकीवर आदळली. ती कोणासाठी होती हे गल्लीत सगळ्यांना कळलं. बुरुल एजे खाली उभी राहून एकच विचारतेय, आणि आइझिरेक तिच्या शेजारी न रडता उभी आहे. खिडकी उघडा आणि उत्तर द्या: तिचं नाव पुसण्याआधी तुम्ही ते गाणं एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलं होतं का?