निळ्या दोऱ्याचा थर्मामीटर

"हे धरा. आणि मी सांगेपर्यंत त्याच्यावरून नजर हटवू नका."

प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकलं न टाकलं, तोच तिच्या हातात एक थर्मामीटर आला. त्याच्या टोकाला निळा दोरा बांधलेला होता. देणारा माणूस तिच्याकडे न बघताच पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि टेबलावरून ठिबकणारं पाणी फडक्याने टिपू लागला. वर टेबलावर काचेची दोन भांडी होती. एकात बर्फाचे खडे पाण्यावर तरंगत होते. दुसऱ्यात पाण्यातून एक दगड वर डोकावत होता, आणि त्याच्यावर रचलेला बर्फ वितळून भांडं काठावरून वाहायला लागलं होतं.

ती खरं तर दोन रिकाम्या पिशव्या घेऊन आली होती आणि काय बोलायचं ते वाटेत ठरवूनही आली होती. पण हातात थर्मामीटर आला की डोळे आपोआप पाऱ्याच्या रेषेला समोरून भिडतात, ही तिची लहानपणापासूनची सवय. पारा थांबेपर्यंत ती थांबली.

"एकोणतीस आणि थोडं."

"थोडं म्हणजे?"

"अर्ध्याहून कमी."

टेबलाखालून डोकं बाहेर आलं. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर पाण्याचे थेंब. "तुम्ही कोणाच्या पालक नसणार," तो म्हणाला. "पालक सरळ तीस म्हणून मोकळे होतात."

"मी कपाट रिकामं करायला आलेय," ती म्हणाली.

तो घाईने उठला आणि टेबलाची कड त्याच्या डोक्याला चांगलीच लागली. ती कोण, हे त्याला आता न सांगता कळलं होतं.

त्या कपाटाचे मालक म्हणजे तिचे बाबा. त्यांनी या खोलीत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलं त्यांना बाटलीसर म्हणायची, कारण समुद्र असो, ढग असो की जंगलातली माती, बाटलीत मावणार नाही अशी एकही गोष्ट त्यांना जगात दिसत नसे. चार महिन्यांपूर्वी ते गेले. आता शनिवारी शाळेत पालकांसाठी प्रदर्शन होतं, आणि त्यानंतर ते कपाट नकाशांसाठी हवं होतं, असा मोठ्या बाईंचा निरोप आला होता.

बाबांच्या जागी आलेल्या या नव्या सरांनी तिच्याकडे एकच मागणं केलं. शनिवारपर्यंत कपाटाला हात लावू नका. त्यांना प्रदर्शनात बाटलीसरांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग करायचा होता. दोन सारख्या बाटल्या, दोन थर्मामीटर आणि समोर एक दिवा. एका बाटलीत नुसती हवा, दुसरीत व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून निघालेला वायू. वायूची बाटली जास्त तापते, पृथ्वीही तशीच तापतेय, आणि हे सांगायला एवढं पुरतं. बाबांच्या वहीत गेल्या बावीस वर्षांचे आकडे होते. दरवर्षी वायूची बाटली दोन अंशांनी पुढे.

"माझी मात्र ऐकत नाही," तो म्हणाला. "अकरा वेळा केलं. माझ्या दोन्ही बाटल्या अगदी शहाण्या बहिणींसारख्या एकत्र चालतात."

ती हसली नाही. पण वही हातात घेतली, आणि तिची पाठ मोडलेली बघून तिला राहवलं नाही. ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुनी पुस्तकं बांधायची. वही नीट बांधून आणते, असं तिने सांगितलं, आणि शनिवारपर्यंत थांबायलाही कबूल झाली.

त्यानंतर ती रोज चार वाजता येऊ लागली. कपाटाला हात लावायचा नव्हता, तरी यादी करायला काय हरकत होती... शाळेतल्या शिपाई मावशी दुसऱ्याच दिवशी दोन कप चहा ठेवून गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी जाता जाता म्हणाल्या, की आधीच्या विज्ञानाच्या मास्तरांना चहा विचारला तर ते बाटली पुढे करायचे, हे नवे मास्तर मात्र चारच्या आधीच केस विंचरून बसतात. नव्या सरांनी त्यावर पारा बघायला मान खाली घातली. पारा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता.

त्याच्या हातात फार बडबड होती. बोलताना बोटांनी हवेचे थर रचायचा, समुद्र वर चढवायचा. पानं चिकटवायची खळ ती कशी शिजवते, हे ऐकायला त्याला आवडे. खळीत गुठळी होऊ नये म्हणून काय करता, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ढवळताना कोणाशी बोलत नाही."

"मग मला गुठळ्यांचीच खळ मिळणार म्हणायची."

ती वळून कपाटातल्या बाटल्या मोजू लागली. अठरा होत्या. तिने दोनदा मोजल्या, आणि दुसऱ्यांदा सतरा भरल्या.

वहीची पाठ तिने नवी केली, पण एक काम ठेवून दिलं. शेवटची काही पानं एकमेकांना चिकटली होती. कधी तरी व्हिनेगर सांडलं असेल, असं ती मनाशी म्हणाली. ओलसर टिपकागदाखाली ती तासाभरात सुटली असती. पण ती पानं उघडली, की बाबांचं नवं वाचायला काही उरणार नाही... म्हणून ती तशीच राहिली.

गुरुवारी प्रयोग जमला. या वेळी त्याने स्वतःचे थर्मामीटर बाजूला ठेवून कपाटातली बाबांची ठरलेली जोडी वापरली होती. वहीत लिहिल्याप्रमाणे लाल दोऱ्याचा थर्मामीटर हवेत, निळ्या दोऱ्याचा वायूत. वीस मिनिटांनी निळा बरोबर दोन अंश पुढे होता. तिने वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हसली. मोठ्याने, मोकळं, खोकला येईपर्यंत. चार महिन्यांत तिच्या घरातही असा आवाज झाला नव्हता. तो पारा सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

शुक्रवारी ती आली तेव्हा टेबलावर बाटल्या नव्हत्या. पुन्हा ते बर्फाचं भांडं आणि तो दगड.

प्रदर्शनात हेच दाखवू या, असं तो म्हणाला. तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही, जमिनीवरचा वितळला की वाढतं. सोपं आहे, मुलांना कळतं. तिने बाटल्यांचं विचारलं, तर म्हणाला, दिवा बिघडलाय. दिवा त्याच्या मागेच चालू होता.

 त्याच्या शर्टाच्या खिशातून नव्या थर्मामीटरची डबी डोकावत होती. तिने त्या डबीकडे बघितलं. मग बाबांचे दोन्ही थर्मामीटर कपाटातून काढले आणि एकाच ग्लासातल्या पाण्यात शेजारी शेजारी बुडवले.

लाल पंचवीसवर थांबला. निळा सत्तावीसवर.

खोलीत व्हिनेगरचा वास रेंगाळत होता. बाहेर कोणी तरी बाक सरकवत होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. तुम्ही गेल्यावर."

"आणि मला सांगणार नव्हतात."

"नव्हतो," तो म्हणाला. हात पहिल्यांदाच गप्प होते. "काल तुम्ही हसलात. मला ते... मोडायचं नव्हतं."

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "त्यांनी निळाच वायूत घातला. दरवर्षी. वहीत तसं लिहून ठेवलंय."

"त्यांना माहीत नसेल."

"बाबांना? ते ताप बघताना आईचा कपाळावरचा हात आणि थर्मामीटर यांतला फरकसुद्धा लिहून ठेवायचे." तिने पिशवी उचलली. "दिवा चालू आहे. बंद करा."

घरी आईला तिने आडून विचारलं, बाबा कधी खोटं बोलायचे का. आई भाजी निवडत होती. एकदाच बोलले, म्हणाली, लग्नानंतर पहिल्या आठवड्यात, माझा स्वयंपाक आवडला म्हणून. पण ते दुसऱ्याच दिवशी स्वतःहून कबूल केलं, आणि मग महिनाभर माझी बोलणी ऐकत बसले.

ती हसली, पण डोक्यात निळा दोराच होता. बाबांचं सगळं त्यांच्या मोजमापावर उभं होतं. तेच वाकडं निघालं, तर हातात काय उरलं?

शनिवारी सकाळी ती वाचनालय उघडायच्या आधीच मागच्या खोलीत गेली. वही समोर ठेवली, पुस्तकांकडे ज्या डोळ्यांनी बघायची त्याच डोळ्यांनी बघितली. आणि मान खाली घालून बसली. व्हिनेगर सांडलं असतं तर डाग पानभर पसरला असता. ही पानं फक्त कडांना चिकटली होती, चारी बाजूंनी, अगदी सरळ रेषेत. कोणी तरी ब्रशने खळ लावली होती. तिचीच खळ. दरवर्षी बाबा तिच्याकडून वाटीभर मागून न्यायचे, आणि कशाला विचारलं तर म्हणायचे, शाळेचं गुपित.

तिने टिपकागद ओला केला. तासभर ती कोणाशी बोलली नाही.

पहिल्या पानावर बाबांचं बारीक, उभं अक्षर होतं.

"निळा दोन अंश जास्त दाखवतो. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. मागच्या बाकावरच्या लंबूने विचारलं, सर, थर्मामीटर अदलाबदल करून बघायचे का? बघितले. भर वर्गात माझी फजिती झाली. इतका चांगला तास त्याआधी कधी झाला नव्हता. ही चूक आता जपून ठेवायची. जो विचारेल, त्याची नोंद इथे."

खाली वर्षांची यादी होती. चष्मेवाली. दोन जुळे, एकदम. कोणी नाही. कोणी नाही. सतत शिंकणारी. बावीस वर्षांत नऊ ओळी भरलेल्या.

तिचं वर्ष तिने शोधलं. ती तेरा वर्षांची होती, पहिल्या बाकावर.

"कोणी नाही. आमच्या घरचं रत्नही नाही. बाबा म्हणतात ते बरोबरच असणार, असं तिला वाटतं. ही सवय मोडायला हवी. पण आणखी एखादं वर्ष राहू दे."

ते वाक्य तिने पुन्हा वाचलं. मग ओल्या पानाला आपले थेंब लागू नयेत म्हणून वही जरा लांब सरकवली.

शाळेत पोचली तेव्हा प्रदर्शन सुरू झालं होतं. नवे सर बर्फाच्या भांड्यामागे उभे होते. केस विंचरले नव्हते. तिने वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. ते वाचत गेले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बाटलीसर थोडे लबाडच होते," ते शेवटी म्हणाले.

"थोडे," ती म्हणाली. "बाटल्या काढा."

निळा वायूत, लाल हवेत. वीस मिनिटं दिव्यापुढे. निळा दोन अंश पुढे गेला, पालकांनी माना डोलावल्या, मोठ्या बाईंनी छान छान म्हटलं. नवे सर थांबले. तीही थांबली. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. वर्गातली पोरं पुढच्या टेबलाकडे सरकू लागली... आणि दोन वेण्यांची एक मुलगी तिथेच उभी राहिली. तिला काही तरी बोचत होतं.

"सर, ते दोन दोरे इकडचे तिकडे करून बघायचे?"

केले. वीस मिनिटांनी पुढे होता तो निळाच, आणि आता तो नुसत्या हवेत होता.

मग नव्या सरांनी सगळ्यांना सांगितलं, की हवेतला हा वायू वाढलाय आणि पृथ्वी तापतेय ते खरंच आहे, पण आपल्या डोक्यावर हवा कित्येक मैल जाड आहे आणि बाटली वीतभर. वीतभर बाटलीने एवढ्या लगेच हो म्हटलं, तर आधी थर्मामीटर तपासायचा. बोलताना त्यांचे हात पुन्हा थर रचायला लागले होते. दोन वेण्यांचा रुबाब तर विचारू नका.

संध्याकाळी खोली रिकामी झाली. खिडकीतून तिरकं ऊन टेबलावर आलं होतं. त्याने वही घेतली आणि यादीच्या शेवटी या वर्षाची ओळ लिहिली. तिने वाकून वाचली.

"बांधणीवाली, शुक्रवारी. सतरा वर्षं उशिरा, पण ओळखलं. दोन वेण्या, शनिवारी."

"कपाट आता रिकामं करावं लागेल," ती म्हणाली.

"किती दिवस लागतील?"

"माझी मोजणी कच्ची आहे. बाटल्या कधी अठरा भरतात, कधी सतरा."

"मग सावकाश मोजा. नकाशांना घाई नाही, मी मोठ्या बाईंना विचारलंय." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला खोटं बोलता येत नाही, ते तुम्ही बघितलंच. दिवा बिघडला म्हणालो तेही धड जमलं नाही. म्हणून खरंच सांगतो. चार वाजेपर्यंतचा दिवस मला आता... फार लांब वाटतो."

तिने निळ्या दोऱ्याचा थर्मामीटर उचलला.

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "हाच होता माझ्या हातात. खोली एकोणतीस नव्हती. सत्तावीस होती."

"मला तर चाळीसच्या वर वाटली होती."

तिला हसू आवरेना. हसता हसताच तिने थर्मामीटर त्याच्या हातात दिला, आणि त्याच्या बोटांवरून आपली बोटं काढून घेतली नाहीत.

"हे धर," ती म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत नजर हटवू नकोस."

त्याने पाऱ्याकडे बघितलंच नाही.