गाडीतच बसून राहिलेला नवरा मुलगा

वीर स्टेशनवरून महाडकडे निघालेल्या रिक्षात तो माझ्या शेजारी बसला आणि बसल्या बसल्या तळहातावर खोकला. तोच हात आता समोरच्या दांडीला लागणार, तेवढ्यात मी म्हटलं, "खोकायचं तर कोपरात खोका."

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणते. त्यात मी नर्स, आणि पोलादपूरकडच्या आमच्या उपकेंद्रात फ्लूची साथ. मी पर्समधला मास्क काढून त्याला दिला. माझा लावलेला होताच. त्याने तो लावला आणि चेहऱ्यातले फक्त डोळे उरले. तापाने लाल झालेले, तरी हसरे... मी घाईघाईने बाहेर बघितलं.

"अँटिबायोटिक घेऊ का?"

"ते विषाणूवर चालत नाही. पेज प्या, झोपा. दम लागला तर मात्र थेट दवाखाना. आणि गोळीशिवाय ताप उतरून एक दिवस जाईपर्यंत कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"पण उद्या एका ठिकाणी जायलाच हवं—"

"तिथे म्हातारं माणूस असलं तर?"

त्याने मास्क नाकावर नीट ओढून घेतला. दासगावला मी उतरले, तेव्हा लक्षात आलं की नावच विचारलं नाही. उद्या मला बघायला कुडपणचे पाहुणे यायचे होते, आणि मला ते मुळीच नको होते. मला ते डोळे हवे होते.

पाहुणे आले, पण नवरा मुलगा रस्त्यावरून वर घरात आलाच नाही. त्याची आत्या चंद्रभागाबाई ओशाळून म्हणाली, "ऋत्विक गाडीतच बसलाय गो. काचा उघड्या टाकून पाठी एकटा बसून आला. म्हणतो, घरात म्हातारं माणूस असंल. कुण्या नर्सबाईनं त्याचं डोकं फिरवलंय."

माजघरात पोह्यांची बशी भरता भरता मला कळलं, ती नर्सबाई म्हणजे मीच. आतल्या खोलीत आमची दमेकरी आजी खोकली. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, पारा मात्र चढला होता. उंबरा न ओलांडणारा जावई त्यांना नको होता. ते नकाराचं बोलायला लागले, तशी मी मास्क लावला. आमच्याकडे मुलगी बोलावल्याशिवाय माजघरातून बाहेर येत नाही. मी बशी घेऊन थेट रस्त्यावर गेले.

तो पलीकडे तोंड करून बसला होता.

"बशी बॉनेटवर ठेवा, जवळ येऊ नका," बशीतला चमचा वाजलेला ऐकून तो न वळता म्हणाला. "आणि... माफ करा. निरोप धाडणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतः नकार द्यायला आलो. काल रिक्षात एक जण भेटली. नाव माहीत नाही. भारी ओरडते. पण मला ती आवडलीय."

मी बशी बॉनेटवर ठेवली.

"ताप उतरला का?"

त्याची मान गर्रकन वळली. मास्कच्या वर तेच लाल, हसरे डोळे.

"गोळी घेऊन, की गोळीशिवाय?" मी विचारलं.

त्याला ठसका लागला. घाईतही त्याने तोंड कोपरात लपवलं, आणि माझा जीव त्याच्यावर जडला तो तिथेच.

"तो नकार..." तो चाचरत म्हणाला, "मागे घेता येतो का?"

"बघते," मी म्हटलं आणि वळले. आप्पा अंगणात येऊन उभेच होते. मी त्यांना सांगितलं की मुलगा मला पसंत आहे.

"आगो, तोंड तरी बघितलंस का त्याचं?"

"नाय आप्पा," मी म्हटलं. "पण खोकतो बरोबर."