खिडकीखालचा आवाज

नाशकात द्वारकेच्या चौकातून आत वळलं, की ट्रक उभे राहायच्या मैदानामागं ती मराठी शाळा होती. यशोदाबाई तिथं तिसरीला शिकवायच्या. खिडकीतून डिझेलचा आणि कांद्याच्या गोण्यांचा वास यायचा. हॉर्नच्या वर आवाज चढवून पाढे म्हणायची मुलांना सवयच होती.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत हनीफ मेस्त्रींनी बिऱ्हाड कुवेतला हलवलं. तिथल्या गॅरेजात त्यांना नोकरी लागली होती. त्यांची सकीना बाईंच्या वर्गात खिडकीखाली बसायची. तिला 'र' म्हणता येत नसे. चार त्रिक 'बाला' म्हणायची आणि स्वतःच हसायची. निरोप घ्यायला आली तेव्हा मात्र हसली नाही. तिकडच्या शाळेत मला कोण ओळखणार, एवढंच तिनं विचारलं. सगळे ओळखतील, असं म्हणून बाई फळा पुसायला वळल्या.

सप्टेंबरात एका दुपारी वर्ग पाढे म्हणत असताना बाईंना 'बाला' ऐकू आलं. कुणी नक्कल करतंय म्हणून त्या रागावल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी सगळ्यांना मध्येच थांबवलं. मुलं गप्प झाली, पण खिडकीखालून एक बारीक आवाज पाढा पुरा करूनच थांबला.

कुणी हसलं नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं, की तिथं बस्करपट्टीवर एका मुलीपुरती जागा मुलं मोकळी सोडून बसत होती.

मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि थोडी रजा काढा म्हणाले. बाईंनी पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही.

मार्चमध्ये नात्यातल्या लग्नासाठी सकीनाची आई नाशकात आली, ती लेकीला घेऊन थेट शाळेत. पोरगी पार वाळली होती. सप्टेंबरात नव्या शाळेत घातली, त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणत होते, गळ्यात काही दोष नाही.

"बाई, तुमच्या वर्गात बसली तर बोलेल," आई म्हणाली.

बाईंना नाही म्हणवेना. सकीना आपल्या जुन्या जागेकडं गेली. तिथं क्षणभर थांबली, आणि जरा सरकून शेजारी बसली.

बाईंनी वर्गाला चारचा पाढा म्हणायला लावला.

"बाला," आवाज आला.

सकीनाचे ओठ मिटलेले होते. ती बाईंकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आईनं ऐकलं होतं. ती धावत जाऊन त्या मोकळ्या जागेपाशी गुडघ्यांवर बसली. बस्करपट्टीवरून तिचे हात फिरत राहिले. हाताला काहीच लागलं नाही.

"बाई, तिला चल म्हणा," ती म्हणाली. "तुमचं ऐकते ती."

"सकीना," बाई म्हणाल्या. "अम्मीबरोबर जा, बाळ."

आई हात पुढं करून वाट बघत राहिली.

बऱ्याच वेळानं आई उठली. जी होती तिचा हात धरून ती बाहेर पडली. बाईंना अडवताही आलं नाही, धीर देताही आला नाही.

संध्याकाळी मुलं गेल्यावर बाई वर्गाला कडी घालत होत्या. आतून, अगदी दारापाशी, कुणीतरी हळूच विचारलं,

"बाई, अम्मी कुणाला घेऊन गेली?"