वाळूतलं पिल्लू कुठे ठेवायचं?

सांगा बघू, एक वस्तू एकाच वेळी दोन कप्प्यांत ठेवता येईल का?

आमच्या किनाऱ्यावरच्या वाचनालयातला ग्रंथपाल रोबो टिपण म्हणायचा, नाही. त्याच्याकडे कप्पे दोनच. गोष्टी कायम ठेवायच्या. खेळ मात्र दर एक तारखेला पुसायचे, कारण जागा कमी.

आणि उद्या एक तारीख.

अकरा वर्षांच्या शलाकाने दोन महिने खपून ‘वाळूतलं पिल्लू’ लिहिलं होतं. ही परस्परकथा (वाचणाऱ्याने निवड केली की पुढे सरकणारी गोष्ट). कासवाचं पिल्लू अंड्यातून निघतं, समुद्र शोधतं. कुठे वळायचं ते तुम्ही ठरवायचं.

“निवड आहे, म्हणजे खेळ. उद्या पुसणार, शलाकाताई,” टिपण म्हणाला. “मला वाईट वाटतं, असं म्हणायची सूचना आहे.”

शलाकाचा चेहरा पडला. शेजारी तिचे आजोबा बसले होते, नाना. प्राण्यांचं वर्गीकरण (सारख्यांचे गट पाडणं) करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“लोखंड्या, आधी वाचून तर बघ,” नाना म्हणाले.

टिपण वाचू लागला. उजेड दोन ठिकाणी: हॉटेलचे दिवे आणि समुद्राची चमक. त्याने जास्त उजेड निवडला. पिल्लू डांबरी रस्त्यावर पोचलं आणि तिथेच थकून पडलं. टिपण मागे गेला, समुद्र निवडला. मग पुढची शाखा (गोष्टीला वाटा फुटतात ती जागा) आली. मागे पिल्लाची बहीण जाळ्यात अडकलीय. थांबायचं, की लाटेबरोबर जायचं?

“जास्त गुण कशाला?”

“गुण नाहीतच.”

“मग काहीही निवडलं तरी चालेल.” पण त्याचं बोट हलेना. “शलाकाताई, ती सुटेल का?”

“सांगणार नाही जा.”

नाना हसले. “बघ हं. तू ठरवशील तसं पुढचं बदलतंय, हा झाला खेळ. पण गुण नसतानाही तुझा जीव त्या पिल्लात अडकलाय. ते काम गोष्टीचं.”

“मग ठेवू कुठे?”

“ही लहानपणी भातुकली खेळायची. एकदा बाहुलीला ताप आला. मी झालो डॉक्टर. इंजेक्शन म्हणालो, तर ही खरीखुरी रडली. आता ती खेळत होती, की गोष्ट रचत होती?”

“नाना, पुरे,” शलाका लाजली.

“दोन्ही,” टिपण हळूच म्हणाला.

“मग तुझे कप्पेच चुकलेत. वस्तू एकाच कप्प्यात मावते. पण खुणा (वस्तूला लावायच्या ओळखचिठ्ठ्या) हव्या तितक्या लावता येतात.”

टिपणने दोन खुणा लावल्या, गोष्ट आणि खेळ. वर नवा नियम केला: गोष्टीची खूण असेल ते पुसायचं नाही.

शलाकाने सुस्कारा सोडला. टिपण मात्र जागचा हलेना.

“दोघंही पोचतील अशी तिसरी वाट नाही का?”

“नाहीये. तू लिही.”

“मी पुस्तकं लावतो. लिहीत नाही.”

“मग शीक की,” ती म्हणाली आणि सरकून त्याला जागा करून दिली.

टिपण तिच्या शेजारी बसला. मग त्याने आयुष्यातलं पहिलं वाक्य लिहिलं.

‘जाळ्याला एक भोक होतं.’